कारखान्यातून सुटली तशी

जुन्या गाड्यांच्या नादी लागलेल्या माणसांत दोन जाती असतात. एक जात लांबलचक नाकाच्या, राजामहाराजांच्या गाड्या बाळगणारी. त्या गाड्या पांढरे हातमोजे घालून पुसतात आणि त्यांच्यात कुणी बसत नाही. दुसरी जात अगदीच साधी. तिला हव्या असतात चार दारांच्या घरगुती गाड्या, ज्यांच्या मागच्या सीटवर पोरं भांडली, ओकली, झोपली आणि मोठी होऊन निघून गेली. या गाड्या नव्या होत्या तेव्हासुद्धा रस्त्यावर कुणी त्यांच्याकडे वळून बघत नव्हतं. कवळीवाले या दुसऱ्या जातीतले.

कवळीवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करून देणं हा त्यांचा धंदा, म्हणून गाडीवाल्या मंडळींनी ते नाव चिकटवलं आणि ते कायमचं चिकटलं. बाजाराच्या रस्त्यावर पहिल्या मजल्यावर त्यांची खोली होती. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असत आणि साठीच्या पुढचा हा गृहस्थ त्यांच्यासमोर बसून घासायचा, कोरायचा, उजेडात धरून बघायचा. हातातलं काम चोख असल्याशिवाय खाली ठेवायचं नाही, हा त्यांचा स्वभाव. घरच्यांना त्याचा त्रास होई तो वेगळा.

गाडीवाली मंडळी दर रविवारी सकाळी बंद पडलेल्या थिएटरासमोरच्या पटांगणात जमायची. गणिताचे निवृत्त मास्तर, पेट्रोलपंप चालवणाऱ्या आणि म्हणून जगाच्या पेट्रोलबाई झालेल्या एक बाई, आणखी पाच-सहा जण. कुणी नवीन, म्हणजे अर्थात जुनी, गाडी आणली की तिचा वास घ्यायचा, हा तिथला शिरस्ता. चारही दारं उघडायची आणि एकेकाने आत डोकं घालून, डोळे मिटून हुंगायचं. येणारे-जाणारे ही माणसं शुद्धीत आहेत ना असा चेहरा करून पुढे जात. पण त्या वासात काय नसायचं! तापलेलं रेक्झिन, पेट्रोल, वडिलांच्या सिगारेटी, ओल्या छत्र्या, सांडलेलं दूध. मास्तरांनी एकदा आतून डोकं बाहेर काढलं आणि म्हणाले, "आमचे वडील आहेत हो आत." मग बाजूला जाऊन बराच वेळ चष्मा पुसत राहिले. त्यांना कुणी हसलं नाही. सगळे त्याच दुखण्याचे.

वास घेऊन झाला की मात्र नियम कडक. गाडी कारखान्यातून सुटली तशी झाली पाहिजे. रंग तोच, दिव्याच्या काचा त्याच, सीटचं कापड त्याच विणीचं. मधल्या काळात लोकांनी केलेले उद्योग खरवडून काढायचे. याला ते गाडीला आंघोळ घालणं म्हणत. ज्याची गाडी जास्त कोरी, त्याचा मान मोठा. ज्या वासाने डोळे भरून यायचे तो या आंघोळीत सगळ्यात आधी वाहून जायचा, हे यांच्यापैकी एकाच्याही डोक्यात कसं आलं नाही, देव जाणे. आलं असेल तरी बोलणार कोण?

घरापासून लांब असलेल्या कवळीवाल्यांच्या शेडमध्ये एकाच जातीच्या, एकाच फिकट हिरव्या रंगाच्या तीन गाड्या होत्या. त्यांची बायको म्हणायची, "तीन सवती पोसतेय मी, आणि तिघी मेल्या दिसायला सारख्या. निदान एखादी तरी वेगळी आणायचीत!" कवळीवाले हसून विषय टाळायचे. खरं म्हणजे त्यांना तीन गाड्या नकोच होत्या. हवी होती एकच. दर वेळी कुठूनतरी कळायचं, तशीच हिरवी गाडी अमक्या ठिकाणी धूळ खात पडलीय. हे धावत जायचे, हीच असेल म्हणून घेऊन यायचे आणि घरी आणल्यावर कळायचं, ही नव्हे. मग आणलेलीला हाकलून देववत नसे.

ती गाडी त्यांच्या लहानपणीची. घरात तिला हिरवीच म्हणत. वडील टेलिफोन खात्यात होते. ते गाडी चालवायचे, शेजारी आई, आईच्या मागे ताई आणि वडिलांच्या मागे बाळ्या, म्हणजे हेच कवळीवाले. ताई त्यांच्याहून चार वर्षांनी मोठी. ती शाळेत जायच्या वयातच तापाने गेली. बाळ्या तेव्हा इतका लहान होता की ताईचं म्हणून त्याच्याजवळ फारसं काही उरलं नाही. फ्रॉकच्या खिशात चिकटून बसलेली गोळी ती दातांनी तोडून अर्धी त्याला द्यायची, तेवढं लक्षात राहिलं. चेहरा नीट आठवत नव्हता, आणि त्याची त्यांना आत कुठेतरी लाज वाटायची.

ताई गेली आणि आई दुपारी घरातलं आवरून दारातल्या गाडीत जाऊन बसू लागली. पुढे, आपल्या जागी. दार लावून, काचा वर करून, मान मागे टाकून. बाळ्या शाळेतून यायचा तेव्हा ती तिथेच असायची. पोराने पोराच्या अकलेने अर्थ लावला की आईला आपली गाडी फार आवडते. वडिलांनी काय अर्थ लावला ते त्यांनी कधी सांगितलं नाही. आई मावशीकडे चार दिवस गेली असताना त्यांनी हिरवी विकून टाकली. आई परत आली, दारातल्या रिकाम्या जागेकडे आणि तिथल्या तेलाच्या डागाकडे बघत क्षणभर उभी राहिली, मग आत जाऊन तिने चहा टाकला. ताईचं नाव घरात निघत नव्हतंच. त्या दिवसापासून गाडीचंही निघेनासं झालं.

वडील जाऊन आता खूप वर्षं झाली होती. आई नव्वदीला टेकली होती, डोळ्यांनी साथ सोडली होती, उजेड आणि अंधार तेवढा कळायचा. आणि बाळ्याच्या मनात एकच गोष्ट घर करून बसली होती: आईची आवडती गाडी तिच्याकडून काढून घेतली गेली, ती आपण तिला परत द्यायची. ती आहे तोवर. नंतर द्यायला कोण राहणार होतं?

आणि एक दिवस पेट्रोलबाईंचा फोन आला. गावाबाहेर एका निवृत्त नर्सबाईंच्या अंगणात ताडपत्रीखाली एक हिरवी गाडी आहे. कवळीवाल्यांनी हातातला जबडा तसाच ठेवला आणि निघाले. ताडपत्री वर केली, मागचं दार उघडलं, आणि त्यांचा हात काचेच्या मुठीकडे गेला. काच वर-खाली करायची मूठ तुटली तेव्हा वडिलांनी जेवणाच्या चमच्याची दांडी कापून तिथे बसवली होती. ती चमच्याची दांडी तिथेच होती.

"हे कुणी लावलं?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"काय माहीत," नर्सबाई म्हणाल्या. "आम्ही घेतली तेव्हापासून असंच आहे. आम्ही कशाला म्हणून हात लावला नाही. बाजारात जायचं नि यायचं, एवढीच तिची धाव. मिळाली तशी ठेवली."

कवळीवाले तिथेच मातीत फतकल मारून बसले आणि लहान पोरासारखे रडले. नर्सबाईंनी पाणी आणून दिलं आणि जुन्या सवयीने नाडीही बघितली.

गाडी विकत घेऊन, ओढून शेडमध्ये नेऊन लावली आणि ते घरी आले. आई भाजी निवडत होती, बोटांनी एकेक पान चाचपत.

"आई, हिरवी सापडली."

"कोणती हिरवी?"

"आपली गं. बाबांची. चमचावाली."

आईची बोटं थांबली. हातातलं पान तिने खाली ठेवलं. मग म्हणाली, "आण. आत्ता आण."

"आत्ता कशी आणू? चालू कुठेय ती? पत्रा कुजलाय, रंग उडालाय. नीट करतो आणि आणतो."

"मला काय करायचाय रंग? मला दिसतंय कुठे?"

"तुला नाही, पण मला दिसतं ना!"

"मग मलाच ने तिकडे. पाच मिनिटं आत बसते आणि येते."

"शेडमध्ये? तिथे पत्रे, खिळे, सांडलेलं तेल. पडलीस म्हणजे? इतकी वर्षं थांबलीस, अजून थोडी थांब. अशी आणतो बघ दारात, कारखान्यातून सुटली तशी!"

"तशी कशाला?" आई म्हणाली.

म्हातारी माणसं आपल्यासाठी कुणी काही करायला लागलं की असं संकोचाने बोलतात, असं धरून कवळीवाले कामाला लागले.

आणि काय काम केलं म्हणता! पत्रा ठोकला, कुजला तेवढा कापून नवा जोडला. रंगाच्या दुकानदाराला इतकं पिडलं की हे येताना दिसले की तो मागच्या खोलीत जायचा. कवळ्या चमकवायच्या बारीक ब्रशांनी त्यांनी गाडीची पितळी अक्षरं चमकवली. चमच्याची दांडी काढून टेबलाच्या खणात ठेवली आणि सवतींपैकी एकीची अस्सल मूठ तिथे लावली. सीटं तर त्यांनी कुणाला करू दिली नाहीत. सांगाड्यापासून स्वतः बांधली.

याच दिवसांत एक म्हातारबुवा नवी कवळी घेऊन तक्रार करत आले. "दात झकास आहेत हो, पण घरात शिरलो तर बायको म्हणते, हा कोण पाहुणा आला?" कवळीवाले खो खो हसले. त्यांनी पुढचा एक दात काढून पूर्वी होता तसा जरा तिरका बसवून दिला. म्हातारबुवा आरशात बघून खूश झाले, आणि कवळीवाले हात धुऊन पुन्हा शेडकडे पळाले.

आई रोज संध्याकाळी विचारायची, "झाली का रे?"

"होतेय, होतेय."

मध्येच तिच्या छातीत कफ भरला आणि तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. कवळीवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. खाटेशेजारी बसून ते मनातल्या मनात विनवण्या करत राहिले, एवढी एक गोष्ट होऊ दे. बायको बाहेरच्या बाकावर त्यांना म्हणाली, "अहो, आणा ना ती आहे तशी. झोपेतसुद्धा आई गाडी गाडी करतात."

"आता थोडक्यासाठी? रंगाचा शेवटचा हात सुकायचाय फक्त."

"सुकू दे नाहीतर राहू दे. त्यांना बसायचंय, फिरवून बघायची नाहीये."

"तुला नाही कळायचं," कवळीवाले म्हणाले. बायको उठून आत आईजवळ गेली. या बाबतीत आपल्याला कळत नाही असं तिने लग्नानंतर थोड्याच दिवसांत मान्य करून टाकलं होतं.

आई घरी आली, पण निम्मी होऊन. त्या रविवारी कवळीवाले गाडी पटांगणात घेऊन गेले. मंडळींनी दारं उघडली आणि एकेकाने डोकी आत घातली.

"काय येतोय?" पेट्रोलबाईंनी विचारलं.

"काही नाही," मास्तर म्हणाले. "अगदी कोरी!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कवळीवाले तिथून थेट घरी आले.

आईने सुनेकडून केस नीट विंचरून घेतले होते आणि ती केव्हाची पायरीवर बसून होती. इंजिनाचा आवाज ऐकून ती उठली. सूनबाईचा हात सोडला आणि पत्र्यावरून हात फिरवत गाडीच्या कडेकडेने चालू लागली. पुढच्या दाराची मूठ तिला शोधावी लागली नाही. हात आपोआप तिथे गेला. वाकली, आधी बसली आणि मग पाय एकेक करून आत घेतले, अगदी पूर्वी बसायची तशी.

ती समोर हात फिरवू लागली. रेडिओचं बटण, राखेचा डबा, कप्प्याची कडी. "हीच," ती म्हणाली. "हीच रे ही." कवळीवाले दारात वाकून, नवी कवळी तोंडात घातलेल्या माणसाकडे बघावं तसे तिच्या चेहऱ्याकडे बघत होते.

मग आईने डोळे मिटले आणि हळूच पाठ मागे टेकली.

ती तशीच राहिली. थोडी खाली सरकली, पुन्हा टेकली. थोडी वर सरकली. कपाळावर आठी पडली.

"हे माझंच सीट का?"

"तुझंच गं."

"मग लागत कसं नाही?"

"काय लागायचंय? नवं केलंय सगळं, स्प्रिंगा, फोम, कापड. मी स्वतः बांधलंय. तुझ्या पाठीला जरासुद्धा त्रास व्हायला नको म्हणून."

"आणि जुनं?"

"टाकलं. काही राहिलं नव्हतं त्यात. पाठीमागून पार आत गेलं होतं, खड्डे पडले होते..."

"दोन," आई म्हणाली.

कवळीवाले नव्या सीटच्या पाठीकडे बघू लागले.

"ताई पाय लावून बसायची," आई सांगू लागली. ताई गेल्यापासून पहिल्यांदाच तिच्या तोंडून ते नाव निघालेलं कवळीवाले ऐकत होते. "दोन्ही पाय माझ्या पाठीत रोवून. किती ओरडले मी तिला. पाय काढ गं, पाठ दुखते माझी. ऐकेल तर ना! गाडी वळली की आणखीच दाबायची आणि हसायची. तिचे कपडे, पुस्तकं, सगळं तुझ्या बाबांनी देऊन टाकलं. मला बघवणार नाही म्हणून. मी एकदा सहज येऊन गाडीत बसले, पाठ टेकली, तर होते. दोन्ही पाय. जिथल्या तिथे."

कवळीवाल्यांना ते सीट डोळ्यांसमोर दिसलं. मागच्या बाजूला शेजारी शेजारी दोन खळगे, लहान, वाटीएवढे. कुठल्या दळभद्र्या मालकाने वाट लावलीय, असं पुटपुटत त्यांनी स्वतःच्या हाताने ते कापड टराटरा फाडलं होतं. आतला काथ्या, पुठ्ठा, सगळं भंगाराच्या ढिगावर फेकलं होतं. तो ढीग केव्हाच उचलला गेला होता. जिचा चेहरा आठवत नाही याची आयुष्यभर लाज बाळगली, ती बहीण त्यांच्या हातात आली होती आणि त्यांनी ती फेकून दिली होती.

"मला सांगायचंस ना!" ते जवळजवळ ओरडलेच. "एक शब्द सांगायचा होतास आई, मी बोट लावलं नसतं!"

"सांगायला तिचं नाव घ्यावं लागलं असतं रे," आई म्हणाली. "जमलं नाही. वाटलं, एकदा जाऊन बसले की झालं."

दारात उभी असलेली बायको तोंडाला पदर लावून आत निघून गेली.

कवळीवाल्यांनी आईच्या बाजूचं दार लावलं. मग त्यांनी मागचं दार उघडलं आणि आईच्या मागच्या जागेवर जाऊन बसले. गुडघे पुढे घेतले आणि सीटच्या पाठीला टेकवून दाबले.

आई दचकली. मग तिला कळलं.

"खाली," ती हळूच म्हणाली. "इतके वर नाही. ती लहान होती."

कवळीवाल्यांनी गुडघे काढले. त्या अवजड देहाला ते जमत नव्हतं. शेवटी ते सीटवरून खाली उतरले आणि दोन सीटांच्या मधल्या सांदीत, नव्या गालिच्यावर गुडघे टेकून बसले. दोन्ही हातांच्या मुठी वळल्या आणि सीटच्या पाठीत रोवल्या.

"अजून जरा खाली."

त्यांनी मुठी खाली घेतल्या.

"जवळजवळ धर. पाय जुळवून बसायची."

त्यांनी मुठी जवळ आणल्या आणि होता नव्हता तेवढा जोर लावला. आईने पाठ टेकली. तिचं वजन मुठींवर आलं, हलकं, लहान मुलाचं असावं तेवढं. रस्त्यावरून एक सायकलवाला घंटी वाजवत गेला. त्यांचे हात भरून आले, मग थरथरायला लागले, आणि ती थरथर तिला पाठीत कळत असणार हे त्यांना ठाऊक होतं.

"बाळ्या, हात दुखतायत तुझे. काढ."

"नाही दुखत."

"काढ म्हणते ना. तिचे पाय असे थरथरत नव्हते."

त्यांनी हात काढले. सीटची पाठ तत्क्षणी सरळ झाली, एक सुरकुतीही मागे राहिली नाही. फोम त्यांनी बाजारातला सगळ्यात चांगला घातला होता. आईने आणखी एकदा पाठ टेकून बघितली, थोडी वाट पाहिली, आणि मग उतरण्यासाठी दाराची मूठ चाचपू लागली.